बेवारस डोळा

१

डॉक्टर सुदेश कोयंडे त्या दिवशी माझ्या घरात शिरला तो चौकटीवर कपाळ आपटून. माझ्या मागल्या पडवीचं दार ठेंगणं आहे हे जामसंड्यातल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत आहे, आणि हा तर शाळेत असल्यापासून त्या दारातून येतोय. पण ताडमाड उंची आणि मुंबईत घालवलेलं अर्धं आयुष्य, मान वाकवायची सवय मोडली असणार. मी तसं म्हणून त्याला डिवचलं. एरवी तो उलट दोन शब्द ऐकवतो. आज त्याने नुसतं कपाळ चोळलं, काखेतला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “यशोदा, माका एक माणूस शोधून दी.”

“कोण माणूस?”

“ता ठावक नाय. माझ्याकडे फक्त तेचो डोळो आसा.”

मी पोलिसात होते, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीत बेवारस प्रेतं पाहिली, वाहून आलेल्या बेवारस होड्या पाहिल्या, एकदा तर एका बेवारस म्हशीचे दोन धनी निघाले आणि दोघेही चौकीत रडत बसले. पण नाव नाही, गाव नाही, नुसता डोळा, असं प्रकरण माझ्यापुढे कधी आलं नव्हतं.

स्क्रीनवर एक केशरी गोळा होता. त्यात लालसर शिरांच्या फांद्या, आणि तळाशी करडी, सुरकुतलेली पट्टी. सुदेश म्हणाला, हा उजव्या डोळ्याच्या आतला पडदा. भिंतीत ओल मुरली की रंगाचा पोपडा सुटतो तसा हा खालून सुटायला लागलाय. मधला भाग अजून चिकटून आहे, म्हणून त्या माणसाला वाचता येतं, माणसं ओळखता येतात, आणि आपल्याला काही झालंय याचा पत्ताही नाही. दुखत नाही, खुपत नाही. मधला भाग सुटला की मात्र ऑपरेशन करूनही नजर पूर्वीसारखी होत नाही.

“किती दिवस आसत तेच्याकडे?”

“म्हयनोभर टिकात, नायतर आज जोरान शिंकलो तरी सुटात.”

सुदेशने जन्मभर हेच काम केलं. पडद्याची ऑपरेशनं करता करता त्याच्या ध्यानात आलं की दुखणं सुरू होतं कडेला, आणि इस्पितळातली अवजड मशिनं फोटो काढतात मधल्या भागाचा. त्या एका कडेपायी त्याने वर्षानुवर्षं संशोधन केलं आणि शेवटी शहाळ्याएवढा कॅमेरा बनवला. डोळ्यात औषध घालून बसायला नको. हनुवटी टेकायची, उजेडाचा एक झपका, आणि पार कडेपर्यंतचा फोटो तयार. ते मशीन घेऊन तो गावी परत आला आणि खेडोपाडी शिबिरं घेऊ लागला.

हा फोटो धामापूरच्या शिबिरातला. त्यावर नाव होतं सीता परब. सुदेशने घाबरून तिला गाडी पाठवून बोलावून घेतलं, तर तिचे दोन्ही डोळे आरशासारखे स्वच्छ. शिवाय पडद्यावरच्या शिरा माणसागणिक वेगळ्या असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. तिच्या शिरा निराळ्या, फोटोतल्या निराळ्या. म्हणजे फोटो दुसऱ्या कुणाचा तरी. मग त्याने धामापुरात परत जाऊन त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाचा डोळा पुन्हा तपासला.

“मगे?”

“कोणाचोच नाय,” सुदेश म्हणाला. “त्या दिवशी मंडपात तपासूक इलेल्या एकाही माणसाचो हो डोळो नाय.”

२

आम्ही त्याच्याच गाडीने धामापूरला निघालो. वाटेत मी त्याला विचारून घेतलं की फोटोवरून माणसाबद्दल आणखी काय कळतं. त्याने सांगितलं की पडदा ताणून पातळ झालाय, म्हणजे लहानपणापासून लांबचं न दिसणारा माणूस, जाड भिंगाचा चष्मा असणार. वय पन्नाशीच्या पुढे. बाई की बाप्या हे मात्र त्याला सांगता येईना.

मी माझ्यापुरता आणखी एक धागा धरला. पडदा खालून सुटलाय, म्हणजे त्या माणसाला पायाखालचं दिसत नसणार. पायरीवर अडखळेल, उंबऱ्याला ठेचकाळेल. मला ठेचकाळणारा माणूस हवा होता. हे मी सुदेशला बोलले नाही. आपण काय हुडकतोय ते कुणाला सांगायचं नाही ही पोलिसातली सवय, ती घरी आल्यावरही सुटलेली नाही. नवऱ्याला मी बाजारात काय आणायला चाललेय तेसुद्धा सांगत नाही.

तळ्याच्या काठाला गाडी लावली. भगवतीच्या मंडपात शिरताना टण्णकन घंटा वाजली. सुदेशने डोक्याने वाजवली होती. गावचे मानकरी, गावकर अप्पा परब आतून आले ते हसतच. “शिबिराच्या दिवशीपण डॉक्टरांनी अशीच वाजवल्यानी,” ते म्हणाले. “देवीक सलाम घालूची ही मुंबयची रीत दिसता.” मीही हसले.

अप्पांनी त्या दिवसाची हकिगत अगदी सविस्तर सांगितली. तन्वी सारंग, म्हणजे मशीन चालवणारी पोरगी, सकाळीच येऊन मशीन लावायला लागली तेव्हा अप्पांनी तिचा हात थांबवला. देवीच्या मंडपात देवीला कळवल्याशिवाय काही सुरू होत नाही. मग मशीनपुढे नारळ ठेवून अप्पांनी गाऱ्हाणं घातलं. लेकराबाळांच्या डोळ्यांचं रक्षण कर म्हणून मागणं मागितलं, आणि जमलेल्या सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. त्यानंतरच मशीनचा दिवा लागला. पहिला मान गावकराच्या घराचा, पण अप्पांच्या हातात फोडायचा नारळ, म्हणून त्यांची बायको सीता बसली. मशीनचा त्या दिवसाचा पहिला झपका तिच्याच डोळ्यात पडला, त्याआधी कुणाच्या नाही, हे अप्पांनी दोनदा बजावलं.

सीताकाकी म्हणजे शांत बाई. “मी बसलंय, हनवटी टेकलंय, उजेड पडलो,” ती म्हणाली. “माझो फोटो काढलो. तो खंय गेलो ता माका काय म्हायत?”

प्रश्न तोच तर होता. सीता बसली होती हे गावाने पाहिलेलं. तिचा फोटो निघाला होता. आणि तिच्या नावावर भलताच डोळा बसलेला. फोटो आणि माणसं मोजून पाहिली तर दोन्ही बरोबर. कमी काही नाही, जास्त काही नाही. माझं डोकं गरगरायला लागलं. चोरीत काहीतरी कमी असतं. इथे तर सगळं जिथल्या तिथे होतं.

तेवढ्यात मंडपाच्या पायऱ्यांवर धप्पकन आवाज झाला. एक बाई पायरी चुकून गुडघ्यावर बसली होती.

“ही माझी जाव, शेवंती,” सीताकाकी म्हणाली. “हल्ली ही सदाच अडखाळता.”

३

शेवंतीला मी तळ्याकाठच्या पारावर बसवलं. जाऊ जावेच्या जागी बसली असेल, असं माझ्या मनात आलं. डोळा बिघडलाय हे लपवायचं असेल, म्हणून मोठ्या जावेच्या नावावर. पण तसं असतं तर तिच्या स्वतःच्या नावावर कुणाचा फोटो होता? तिचाच. सुदेशने ताडून पाहिलेला.

मी तिला अडखळण्याबद्दल विचारलं. तिने पाय पुढे केला. चपला लेकीच्या होत्या, चांगल्या बोटभर मोठ्या. लेक नोकरीला मुंबईला गेली तेव्हा टाकून गेली होती, आणि शेवंतीच्याने त्या माळ्यावर ठेववेनात. पोरगी घरात चालतेय असं वाटतं, ती म्हणाली, आणि तळ्याकडे बघत बसली. चौकशीला आलेल्या माणसाला अशा उत्तराचं काय करायचं ते कळत नाही.

मग तिनेच विषय बदलला. त्या दिवशी तिच्यावर अन्याय झाला होता. सीतेनंतरचा मान तिचा. ती मशीनपुढे बसलीही, तर तिला उठवलं. मग पुन्हा बसवलं. “धाकट्या जावेक कोणय उठवता,” ती म्हणाली. मानापानाची तक्रार म्हणून मी मान हलवली आणि पुढे गेले. कोकणात चौकशी करायची तर अशा चार तक्रारी पदरात पडतातच.

तिने आणखी एक सांगितलं. एक जाड चष्मेवाला शहरी माणूस त्या दिवशी पडद्याआड सारखा डोकावत होता. नाव विचारलं तर सुदेशलाच ठाऊक निघालं. दीपेश म्हणून कुणी, मुंबईच्या एका कंपनीचा माणूस. कंपनी सुदेशचा कॅमेरा देशभर न्यायला बघत होती, आणि पुढच्या आठवड्यात मुंबईत मोठ्या डॉक्टरांपुढे त्याचं प्रात्यक्षिक होतं.

“आणि मशीन चुकीच्या नावार फोटो लावता असा कळला तर?” मी विचारलं.

“तर कोण घेवचो नाय,” सुदेश म्हणाला. “माझी सगळी वर्षां पाण्यात.”

४

दीपेश देवगडला एका बागायतदाराच्या बंगल्यात उतरला होता. भोवती कलमांना मोहोर आलेला, फवारणी चाललेली. सुदेश मला तिथे सोडायला आला आणि फाटकातून आत चालताना कलमाच्या फांदीवर आदळला. चष्मा खाली पडला. “बागवाल्यानी फांद्यो छाटूक नको?” असं तो करवादला. मी चष्मा उचलून दिला. जड होता.

दीपेशवर माझा खरा संशय होता. जाड चष्मा, पडद्याआड डोकावणं, आणि हेतूही असू शकत होता. मशीनमध्ये खोट निघाली की कंपनी ते पडत्या भावात उचलणार. मी त्याला आडवंतिडवं विचारलं. तो बिचारा घाम पुसत राहिला. डोकावत होतो, म्हणाला, कारण देवळात मशीनपुढे नारळ फोडतात हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोबाइलवर त्याचं चित्रणही करत होता, पण अप्पांनी डोळे वटारले तेव्हा बंद केलं. डोळे तपासून घ्यायला तो एका पायावर तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन सुदेशच्या दवाखान्यात गेले. दवाखाना नुकता उघडत होता. तन्वीने मशीन पुसलं, वायर जोडली. सुदेश मशीनपुढे बसला, झपका पडला, तन्वीने तळहाताएवढ्या स्क्रीनकडे बघून “साफ येतोय, सर” म्हटलं, बटण दाबलं, आणि सुदेश उठून चहाकडे वळला. मग दीपेशची पाळी आली. त्याचा पडदा ताणलेला होता खरा, पण अखंड. शिरा निराळ्या.

म्हणजे तोही नव्हे. जाड चष्मेवाला गेला, ठेचकाळणारी गेली. मी बाहेर बाकावर बसले आणि खरं सांगते, मला काही सुधरेना. त्या डोळ्याचा फोटो मी इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटले तरी ती करडी पट्टी दिसे. कुठेतरी कुणी बाई भाकऱ्या थापत असेल, कुणी बाप्या जाळं विणत असेल, आणि आत तो पोपडा सुटत चाललाय. मला त्या अनोळखी माणसाची भीती वाटायला लागली होती. म्हणजे त्याच्यासाठी भीती.

हात धुवायला मी आतल्या मोरीत गेले. तिथे आरशामागे, टूथब्रशच्या आड, एक छोटी पांढरी डबी होती. उघडली. पाण्यात दोन पारदर्शक टिकल्या तरंगत होत्या.

मी असल्या डब्या पाहिल्या होत्या. डोळ्यात घालायच्या लेन्स. म्हणजे या दवाखान्यात कुणीतरी होतं ज्याला लांबचं दिसत नाही, आणि ते लपवत होतं.

५

डबी हातात घेऊन मी तन्वीपुढे उभी राहिले, आणि काही विचारायच्या आधीच ती रडायला लागली. तिचं लग्न ठरलेलं. होणारी सासू म्हणाली होती, मुलीला चष्मा नाही ना, एवढं एक बरं आहे. तेव्हापासून ती लेन्स घालते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नोकरी करून डोळ्याचा नंबर लपवायचा, म्हणजे कमालच झाली. पण मला हसू आलं नाही. पोर पांढरीफटक पडली होती.

“त्या दिवशी तू स्वतः मशीनपुढे बसलीस का?” मी विचारलं.

“नाही हो मावशी. मी कशाला बसू?”

“मग आता बस.”

सुदेशने स्वतः तिचा फोटो काढला. ही पोरगी वयात बसत नव्हती, पण वयाचा अंदाज चुकू शकतो. मशीन तिच्याच हातात असतं. फोटो इकडचा तिकडे करणं तिला सहज शक्य. फोटो आला. पडदा शाबूत. शिरा निराळ्या.

सुदेशने तिला लेन्सवरून दोन शब्द सुनावले, पण ते स्वच्छता नीट न ठेवल्याबद्दल, आणि बाहेरच्या पेशंटकडे गेला. मी वैतागून खुर्चीत बसले. तन्वी डोळे पुसत होती. माझ्या तोंडून पहिल्यांदाच मनातली गोष्ट बाहेर पडली. मी म्हटलं, अगं, खालचा पडदा सुटलेला माणूस चालताना ठेचकाळायला हवा की नको? मी सगळ्या जिल्ह्यातल्या पायऱ्यांकडे बघत फिरतेय.

तन्वी नाक ओढत म्हणाली, “ठेचकाळणार कसा, मावशी? डोळ्याच्या आत सगळं उलटं पडतं. खालचा पडदा वरचं बघतो. त्या माणसाला डोक्यावरचं दिसत नसणार.”

मी खुर्चीतून उठले.

डोक्यावरचं. चौकट. घंटा, तीही दोनदा. कलमाची फांदी. जमिनीवर पडलेला तो चष्मा, ज्याचं वजन मला हातात जाणवलं होतं.

“तन्वी,” मी म्हटलं, “तू रोज सकाळी सरांचा फोटो काढतेस, तो कशासाठी?”

“मशीन नीट चालतंय ना ते बघायला. बाहेरचा कुणी नको म्हणून सर स्वतःच बसतात. मी फक्त फोटो साफ येतोय का तेवढं बघते.”

“आणि मग त्याचं काय करतेस?”

“इथे लगेच पुसते. शिबिरात गडबड असते, तिथे रात्री सगळे फोटो ओळीने नावांना जोडायच्या आधी पुसते. पहिला फोटो सरांचा, तो न बघताच काढून टाकायचा, हे ठरलेलंच आहे.”

बोलता बोलता ती थांबली. तिलाही कळलं. धामापूरला पहिला फोटो सरांचा नव्हता.

मी धामापूरला फोन लावला आणि शेवंतीला फोनवर बोलावून घेतलं. “शेवंती, तुका खुर्चीवरसून उठवल्यानी, तेव्हा तुझ्या जागेर कोण बसला?”

“आणि कोण?” शेवंती म्हणाली. “डॉक्टरच बसले. मशीन बघूचा रवला म्हणाले.”

६

दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी सुदेशपुढे खुर्ची ओढून बसले. तन्वी दाराशी उभी होती.

मी म्हटलं, माणूस सापडला. त्याचा चेहरा उजळला. त्याने फोनच हातात घेतला. मुंबईला ऑपरेशनची सोय लावतो, गाडी माझीच नेतो, माणूस तयार नसेल तर मी समजावतो, असं एका दमात बोलून गेला. मी त्याला फोन खाली ठेवायला लावला.

“चष्मो काढ. डावो डोळो हातान झाक. माझ्या नाकाकडे बघ, नजर हलव नको.”

ही परीक्षा तो स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलाय. त्याने हसत हसत डोळा झाकला. मी हात बाजूला धरून बोटं हलवली, त्याने ओळखली. खाली धरली, तीही ओळखली. मग मी हात वर नेला, त्याच्या कपाळासमोर, आणि बोटं हलवत राहिले.

“कर ना सुरू,” सुदेश म्हणाला.

“केव्हाच केलंय.”

त्याची नजर माझ्या नाकावर तशीच होती. मी हात हळूहळू खाली आणला, आणि एका जागी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याला बोटं दिसली होती. तिथून वर काहीच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. रोज पहिला फोटो तुझा आणि तो टाकून द्यायचा, ही तुमची पद्धत. धामापुरात अप्पांनी गाऱ्हाण्याआधी मशीन लावू दिलं नाही आणि पहिला मान सीताकाकीला गेला. तिच्यानंतर तुला आठवलं की मशीन बघायचं राहिलंय, म्हणून शेवंतीला उठवून तू बसलास. रात्री तन्वीने सवयीने पहिला फोटो पुसला. तो सीतेचा होता. तुझा मागे राहिला आणि सीतेच्या नावावर जाऊन बसला. म्हणून मोजणी जुळत होती. आणि तू सगळ्या गावाचे डोळे तपासलेस, कारण पेशंट म्हणजे समोर बसणारा माणूस, हे तुझ्या डोक्यात पक्कं. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे तुझं काही अडत नव्हतं. फक्त उजव्या अंगाला दारं ठेंगणी झाली होती.

“पण माका आठावला कसा नाय? मी बसलंय ता?” तो पुटपुटला. रोज करायच्या गोष्टी कुणालाच आठवत नाहीत, मी म्हटलं. सकाळी दात घासलेले तरी कुणाला आठवतात?

तो उठला, लॅपटॉपपुढे जाऊन बसला आणि तो फोटो उघडला. लोकांच्या डोळ्यांच्या कडा शोधण्यात ज्याने उमर घालवली त्याने आपल्या डोळ्यात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि रडूही आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

तन्वी हळूच पुढे आली. सर, चूक माझी आहे, ती म्हणाली, न बघता पुसायला नको होतं. मला वाटलं तो आता तिच्यावर चिडेल. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “तू बरोबर फोटो पुसला असतास तर मला कधीच कळलं नसतं, तन्वी. आजपर्यंत तू सगळे बरोबरच पुसलेस.”

मग तो एकदम सावरल्यासारखा बोलायला लागला. पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक आहे, मोठी माणसं येणार आहेत, ते उरकलं की लगेच ऑपरेशन करून घेतो, तोवर जपून राहतो.

“आज जोरान शिंकलो तरी,” मी म्हटलं.

मी त्याचेच शब्द त्याला परत दिले होते. पेशंटांनी असंच पुढच्या आठवड्यावर ढकललं की तो किती कावायचा ते आम्ही दोघींनी ऐकलेलं होतं. शेवटी त्याने फोन उचलला आणि मुंबईला त्याच्या एका जुन्या विद्यार्थिनीला लावला. नजर वाचवायचं काम आहे, आज रात्रीच निघतोय, एवढंच म्हणाला. पेशंट कोण, असं तिने विचारलं असावं. त्याने फोन माझ्यापुढे धरला. फोन मी घेतला आणि सांगितलं.

तन्वीने त्याला मशीनपुढे बसवलं. विद्यार्थिनीला ताजा फोटो पाठवायचा होता. त्याने हनुवटी टेकली, झपका पडला. तन्वीचा अंगठा सवयीने पुसायच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने कीबोर्ड जवळ ओढला.

“पेशंटचं नाव?” तिने विचारलं. रोज प्रत्येक पेशंटला विचारते तसंच.

“सुदेश गंगाराम कोयंडे,” तो म्हणाला. “लिही.”

संध्याकाळी माझा मुलगा गाडी घेऊन आला. तोवर सुदेश माझ्याकडे पेज जेवला आणि बॅग घेऊन मागल्या पडवीतून निघाला. दाराशी पोचला तसा तो थबकला. चौकट कुठे आहे ते त्याला आता नीट दिसत नाही हे त्याला माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्यावर पाऊल पुढे पडेना. एवढा उंच माणूस दारात पोरासारखा उभा राहिला.

मी मागून जाऊन चौकटीवर आडवा हात धरला. दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवला.

“वाक रे,” मी म्हटलं.

तो वाकला आणि बाहेर गेला.